फोटोत आलेला गोपाळ

बोरवाडी, ता. गंगाखेड
५ नोव्हेंबर २०२४

भक्ते,

आधी मामाचा आशीर्वाद घे, मंग पुढं वाच. माझी राजी सासरहून दिवाळीला आलीय. ती तुझ्याशी फोनवर बोलायली तवा मी बाजूलाच बसलो व्हतो, पर मला काहीच ऐकू येत न्हाई. कानातलं यंत्र घातलं की ते नुसत्या शिट्ट्या मारतंय. म्हणून आपलं हेच बरं. जलमभर गावाची पत्रं वाटली, आता सवताची लिवतो. मी बोलतो तसंच लिवतो, हसू नको.

काम लय नाजूक हाय. पाडव्याच्या दिवशी सांजच्याला किशनरावच्या सोयाबीनची गंजी जळाली. मळणीची मशीन दुसऱ्या दिवशी यायची व्हती. गाव सगळं पणत्या लावण्यात, तेवढ्यात रानातून लाल दिसाया लागलं. सगळे पळाले. सगळ्यात आधी पोचला आपल्या कस्तुरावैनीचा गोपाळ, गोणपाटानं झोडपता झोडपता त्याचा उजवा हात भाजला. पर गंजी काही वाचली न्हाई.

आता ऐक. किशनरावनं औंदा आखाड्यावर, रानातल्या गोठ्यापाशी, कॅमेरा बसवलाय, उन्हावर चालणारा. त्यात एक माणूस दिसतोय, गंजीकडून बांधाकडं जायलाय. अंधार पडत आलेला, लांबून काढलेलं, तोंड म्हंजे नुसता भुरका डाग. किशनराव पारावर बसून सांगायलाय की हा सिद्धोधनच. सिद्धोधन त्याच्याकडं सालगडी व्हता, सालाच्या मधातच काम सोडलं, तवापासून तकरार हाय, येवढाच पुरावा. मला राहवलं न्हाई. मी म्हणलं, किशनराव, डागाला का नाव असतंय? उगं कुणाच्या लेकराला नाहक बदनाम करू नका. आन् मंग तोंडातून निघून गेलं की माझी भाची पुण्यात हेच काम करती, ती काढून दील चेहरा.

राजीनं ते फिलीम तुझ्या फोनवर धाडलंय. सिद्धोधनचं नाव ह्यातून निघालं पाह्यजे, येवढं कर. मामाची इज्जत तुझ्या हातात हाय.

तुझा
बन्सीमामा


पुणे
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. शिपायानं सगळ्यांसमोर आणून दिलं, तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा ते पाकीट उलटंसुलटं करून बघत होता. त्यानं आयुष्यात कुणाचं पत्र पाहिलेलंच नाही. "डागाला का नाव असतंय" हे मी आमच्या साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझे मामा आपल्या कंपनीत हवे होते.

फिलीम पाहिली. चेहरा म्हणजे खरंच काही नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका आहे. पण मामा, नेमकं हेच आम्ही गेली दोन वर्षं करतोय. एका फिलीममध्ये शेकडो चित्रं असतात. प्रत्येकात थोडं थोडं काहीतरी सापडतं, ते सगळं आमची मशीन गोळा करते, आणि जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते शिकलेल्या अंदाजानं भरून काढते. या शोधाच्या हक्कासाठी अर्ज गेलाय, त्यावर माझंही नाव आहे. आई असती तर पालमभर पेढे वाटत फिरली असती. तुम्ही मळकट काच पुसल्यासारखं समजा. काच पुसली की पलीकडचं दिसतं.

एक करा. मशीनला आधी थोडी ओळख करून द्यावी लागते. त्या रानात ज्यांचं जाणं-येणं असतं त्या सगळ्यांचे फोटो पाठवा. सगळ्यांचे, मामा. हा हवा, तो नको असं करू नका. त्यावरून ती शिकते की तिकडच्या माणसांचे चेहरे कसे असतात, मग डागातला चेहरा उलगडायला तिला सोपं जातं.

कस्तुरामामीला आणि गोपाळदादाला नमस्कार सांगा. दादाच्या हाताला मलम लावायला सांगा, नुसती हळद थापून बसेल तो.

तुमची
भक्ती


बोरवाडी
१८ नोव्हेंबर २०२४

भक्ते,

फोटो धाडले. राजी सासरी जायच्या आधी बसवूनच घेतलं तिला. आता गावच्या सगळ्या माणसायचे फोटो कुठून आणू? मंग सुचलं, राजीच्या लग्नाचा अल्बम हाय की. हळद, पंगत, वरात, सगळं गाव त्यात नटूनथटून हुबं हाय. तो सगळाच्या सगळा तिनं फोनवरून पाठवला.

सिद्धोधनचा फोटो त्यात न्हाई. त्याच्या घरचे लग्नाला आले व्हते, पर मांडवाच्या कडंला बसले, फोटोवाला तिकडं गेलाच न्हाई. राजी म्हणली, आबा, भक्तीताईनं सगळ्यांचे मागितलेत, सिद्धोधनभाऊचा आधारकार्डावरचा तरी मागून घेऊ. मी साफ न्हाई म्हणलं. कामून द्यायचा? आधीच त्याच्या मागं लागलेत, त्यात मीच त्याचा फोटो असल्या कामाला धाडला म्हणल्यावर किशनरावला आयतं मिळंल. तू सगळ्यांचे म्हणलीस, पर येवढं माझं ऐक.

गोपाळचा हात सुधरायलाय. काल मला म्हणला, काका, भक्तीला लिवा, हुरड्याला ये, तुझ्यासाठी मऊ कणसं राखून ठिवतो. त्याच्या रेणुकानं तुझ्यासाठी तिळाची चटणी करून ठिवलीय. कस्तुरावैनी इचारायली, पोरीचं लग्न कवा? मी म्हणलं, ती मशीनसंगच संसार करायलीय. रागावू नको. लवकर कळीव, पारावर रोज इचारायलेत.

बन्सीमामा


पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

मामा,

हे पाकीट एकट्यानं फोडा. राजीच्या फोनवर मुद्दाम पाठवलं नाही. चित्र छापून आत घातलंय.

चेहरा आलाय. अगदी स्वच्छ आलाय. गोपाळदादा आहे.

मी तीनदा चालवून पाहिलं. तीनही वेळा तोच आला. साहेबांना दाखवलं तर ते खूश झाले, म्हणाले, इतका खराब माल आणि इतका सुंदर निकाल, हा नमुना आपण सगळ्यांना दाखवू. त्यांना काय माहीत तो कोण आहे. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

माझा विश्वास बसत नाही, पण मशीनला आपलं-परकं कळत नाही, मामा. तिचं आणि दादाचं काही वैर नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही ठरवाल ते बरोबरच असेल.

भक्ती


बोरवाडी
९ डिसेंबर २०२४

भक्ते,

मी दाखवलं.

तू कदाचित मनात म्हणशील की मामानं चूल पेटवून त्यात घालायचं व्हतं ते चित्र. दोन दिस मला बी तेच वाटलं. पाकीट धोतराच्या कनवटीला लावून फिरलो. पर मीच म्हणलो व्हतो ना, डागाला नाव नसतंय म्हणून? मीच सांगितलं ना, भाची काढून दील? आता माझ्या चुलत भावाचं लेकरू निघालं म्हणून झाकलं, तर सिद्धोधनला मी कोणतं तोंड दाखवू? दुसऱ्याचं लेकरू असतं तर दाखवलं असतंस का न्हाई, असं मीच मला इचारलं. मंग गेलो पारावर आन् किशनरावच्या हातात दिलं.

मंग ज्याच्या त्याच्या फोनमधी ते चित्र गेलं. ज्यायनी गोपाळला सगळ्यात आधी आग इझवताना पाहिलं व्हतं तेच म्हणायले, म्हणूनच आधी पोचला. हात भाजला तो लावतानाच भाजला. काय सांगू तुला! माणसं रातीतून कशी फिरतेत ते म्या ह्या वयात बघितलं.

गोपाळला बोलावलं. त्यानं चित्र हातात घेऊन लय येळ बघितलं. म्हणला, काका, तोंड तर माझंच हाय, पर मी न्हाई गेलो तिकडं. पाडव्याला मी दारात आकाशकंदील बांधत व्हतो. मंग त्यानं सवताहून खंडोबाचा बेलभंडारा मागवला. आमच्यात बेलभंडारा उचलून माणसानं न्हाई म्हणलं की विषय संपतो, तू लहानपणी बघितलंयस. किशनरावनं ते चित्र भंडाऱ्याच्या ताटाशेजारी ठिवलं. म्हणला, देव काही पारावर येऊन गवाही देत न्हाई, हे मातर दिसायलंय.

तेवढ्यात कस्तुरावैनी आली. कुणीतरी घरी जाऊन तिला फोनमधी दाखवलं व्हतं. ती लेकाच्या समोर हुबी ऱ्हायली आन् म्हणली, "बाबा, खरं सांग." गोपाळनं हातातला बेल ताटात ठिवून दिला. पोलिसांनी चौकशीला नेलं, संध्याकाळी सोडलं बी. साहेब म्हणला, असल्या चित्रावर केस उभी ऱ्हात न्हाई. पर गावात उभी ऱ्हायली.

सिद्धोधन मातर सुटला. येवढं एक चांगलं झालं म्हणून मी मनाला समजावतो.

बन्सीमामा


पुणे
१७ डिसेंबर २०२४

मामा,

हात जोडते, हे पत्र पारावर वाचून दाखवा. आजच.

गोपाळदादा त्या चित्रात नाही. तो तिथं कधीच नव्हता. तो चेहरा मशीननं तयार केलाय.

काल ऑफिसात आम्ही तेच चित्र पाहुण्यांना दाखवत होतो. एका बाईंनी विचारलं, हे चुकलं तर तुम्हाला कसं कळतं? साहेब हसले. मला हसू आलं नाही. सगळे गेल्यावर मी माझाच फोटो घेतला, इतका धूसर केला की नाक-डोळे काही दिसू नयेत, आणि तुम्ही पाठवलेल्या अल्बमची ओळख देऊन मशीनमध्ये घातला. मामा, बाहेर गोपाळदादा आला. माझ्या कपाळावरची टिकली तशीच, आणि खाली त्याची मिशी! मी खुर्चीवरून उठलेच. मग ऑफिसातल्या प्रत्येकाचा फोटो घालून पाहिला. शेवटी रिकाम्या भिंतीचा घातला. सगळ्यांतून तोच निघाला.

मग मी अल्बम उघडून बसले. आधीच बघायला हवा होता, तेवढंही केलं नाही मी. जवळजवळ प्रत्येक फोटोत दादा आहे. पंगतीत बुंदी वाढतोय. अंतरपाट धरलाय. नवरदेवाच्या घोड्याचा लगाम त्याच्या हातात. म्हाताऱ्यांना पाणी देतोय. बायका हळद लावतायत तर मागं खांबाला दिवा बांधणारा तोच. बाकीची माणसं एकदा दिसतात, दोनदा दिसतात. जिथं काम तिथं तो, म्हणून जिथं फोटो तिथं तो. मशीनला वाटलं, त्या गावात माणूस म्हणजे गोपाळ.

मी तुम्हाला काच पुसल्यासारखं समजा म्हणाले होते. खोटं होतं ते. काच पुसली नव्हती, काचेवर चित्र काढलं होतं. तुमची चूक नाही मामा, तुम्हाला एवढंच सांगितलं होतं मी. माझ्या चेहऱ्याचा दादा कसा होतो त्याची फिलीम राजीच्या फोनवर पाठवलीय, ती सगळ्यांना दाखवा. किशनरावांना दाखवा. कस्तुरामामीला सगळ्यात आधी दाखवा.

राजीला तीनदा फोन केला. दादा कसा आहे विचारलं की ती विषय बदलते.

भक्ती


पुणे
१२ जानेवारी २०२५

मामा,

महिना होत आला. पत्र पोचलं की नाही तेवढं तरी कळवा. माझ्यावर रागावला असाल तर शिव्या लिहून पाठवा, पण पाठवा.

ते चित्र मी ऑफिसच्या नमुन्यातून काढायला लावलं. त्यावरून वाद झाला. अर्जावरचं माझं नावही काढा असं मी म्हणाले, तर साहेब म्हणतात, तू भावनिक झालीस. झाले. मला रात्री झोप लागत नाही. मी तिकडं येऊ का? येऊन पारावर मी स्वतः सांगते.

राजी फोनवर नुसती रडते. दादा बरा आहे ना? तेवढंच सांगा.

भक्ती


बोरवाडी
३० जानेवारी २०२५

भक्ते,

गोपाळ जित्ता हाय. हे आधी वाच, मंग बाकीचं.

तुझं पत्र आलं तवा त्याला गाव सोडून आठवडा झाला व्हता. एका सकाळी रेणुकाला म्हणला, पालमला जाऊन येतो, आन् गेला तो गेलाच. तुझं पत्र वाचून मी देवळात जाऊन रडलो. पर मी ते पारावर न्हेलं न्हाई. का ते सांगतो. गोपाळ न्हाई म्हणल्यावर लोक काय म्हणणार? मंग कोण? आन् फिरून सिद्धोधनच्या दारात जाणार. एकाला वाचवायला दुसऱ्याला ढकलायचं माझ्यानं झालं न्हाई. पत्र तसंच ठिवलं आन् गप बसलो. तुला उत्तर द्यायचं म्हणलं की हात चालत नव्हता. तुझं दुसरं पत्र आलं तवा संक्रांतीला माहेरी आलेल्या राजीनंच जाऊन सिद्धोधनला सांगितलं. तो माझ्या दारात आला, मला ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड लावून वरडला, "बन्सीकाका, माझं मी बघतो. आदी पत्र वाचा." येवढ्या मोठ्यानं की शेजारपाजारचे बाहेर आले.

मंग वाचलं. तुझी फिलीम बी दाखवली, तुझ्या तोंडाचा गोपाळ व्हतो ती. पोरं हसली. किशनराव म्हणला, बघा, पोरीला पाह्यजे तसं तोंड करता येतंय, आता सवताच्या माणसाला सोडवायला हे केलंय. झालं. जे खरं नव्हतं ते एका दिसात पटलं सगळ्यांना, आन् जे खरं हाय ते पटवायला मी लोकांचे पाय धरले. दोन-चार घरं मानली. बाकीचे म्हणतेत, असंल बाबा, कोण जाणं. गंजी कुणी जाळली ते आजबी कुणालाच ठावं न्हाई.

सिद्धोधनच्या पाहुण्याला गोपाळ येलदरीला दिसला व्हता, धरणावर, मासेवाल्या लोकांत. मी आन् सिद्धोधन यष्टीनं गेलो. परभणी, जिंतूर करत पोचलो तवर दुपार टळली. त्यानं दाढी वाढवलीय. तोंडाला दस्ती बांधून जाळं वढत व्हता. मला वाटलं वाऱ्यामुळं बांधली आसंल. तो म्हणला, न्हाई काका, इथं बी एकाच्या फोनमधी ते चित्र व्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं पुरं वाचलं, घडी घातली, मला परत दिलं. म्हणला, "भक्तीला म्हणावं, तुझ्यावर माझा राग न्हाई. पर काका, मशीननं हाय म्हणलं तवा मी व्हतो. आता मशीन न्हाई म्हणायलीय तर मी न्हाई. उद्या दुसरी मशीन फिरून हाय म्हणली, मंग?"

सिद्धोधन त्याला म्हणला, चल रे, मी हाय ना गावात, मला बी म्हणलेच की लोकं, मी कुठं गेलो? गोपाळ म्हणला, "तुला परक्यायनी म्हणलं. मला मायनं इचारलं." मंग तो जाळ्याकडं निघून गेला. आमी पाण्याच्या कडंला बसून ऱ्हायलो, पर फिरून तो काही आला न्हाई. शेवटची यष्टी चुकू नये म्हणून निघालो.

आठ दिसांनी त्याचा रेणुकाला निरोप आला, पोरीला घेऊन ये, खोली बघितलीय. तू इकडं येऊ नको सध्या, भक्ते. यायचं म्हणलीस म्हणून सांगतो. तुझ्या येण्यानं आता गावात काही बदलायचं न्हाई, आन् मला तुझं तोंड बघून आजूनच वाईट वाटंल. मशीनवर तू चिडू नको. त्या मशीनला गोपाळ म्हंजे कोण ते मीच सांगितलं न्हाई, नुसता अल्बम धाडला. मला तर तो जलमला तवापासून ठावा व्हता.

आज सकाळी ट्रॅक्टर आणला. मी आन् सिद्धोधननं सामान भरलं. भांडी, पलंग, शिलाई मशीन, लेकराचा पाळणा. कस्तुरावैनीनं बी आपलं गाठोडं बांधून दारात आणून ठिवलं व्हतं, नवं लुगडं नेसून बसली व्हती. रेणुकाला तिला कसं सांगावं ते कळंना. शेवटी रडत रडत सांगितलं, मामी, त्यायनी तुमाला आणू नको म्हणलंय. ट्रॅक्टर वेशीपतोर गेला तरी वैनी तिथंच हुबी व्हती. मंग आत गेली, गाठोडं सोडलं आन् एकेक लुगडं परत दांडीवर टाकलं.

बन्सीमामा